शिरोरेषा ओढणारी कुर्ली: पणजीतल्या एका स्टुडिओच्या बदलत्या लोगोंची पारख

पणजीतल्या एका छोट्या, स्वतंत्र ॲनिमेशन स्टुडिओचा स्वतःचा लोगो वर्षातून तीनदा वेश पालटतो. एरवी पडद्याच्या डाव्या कडेबाहेरून एक कुर्ली, म्हणजे खेकडी, आडवी चालत आत येते, नांगीत शिरोरेषेचं टोक धरून. रेषा ताणली गेली की नावाची अक्षरं तिला एकेक करून लोंबकळतात, घुमटावर, म्हणजे गोव्याच्या मातीच्या चर्मवाद्यावर, एक थाप पडते आणि सगळं स्थिर होतं. पावसाळ्यात तीच रेषा भिजून सैल पडते. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, तिची माटोळी (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात ती चौकट) होते, आणि अक्षरांच्या मधोमध नारळ, तोरिंजन, सुपारीचा घोस, कांगलां टांगलेली दिसतात. दिवाळीत कुर्लीच्या मागे नरकासुर उभा राहतो.

हाच प्रकार स्टुडिओ लघुपटवाल्यांना, नाट्यसंस्थांना आणि यूट्यूब चॅनेलांना करून देतो: एक मूळ लोगो आणि त्याची तीन सणावारी रूपं. हाताने काढलेलं काम, लांबी सहा सेकंद.

या मंडळींना एक गोष्ट पक्की कळलेली आहे. लोगो बदलायचा तर काय बदलायचं नाही हे आधी ठरवावं लागतं. इथे शेवटचं दीड सेकंद, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या हिशेबाने ३६ फ्रेम, कुठल्याही रूपात तेच राहतं: तीच जागा, तोच आकार, तीच थाप. डिक या ॲनिमेशन कंपनीच्या १९८७च्या लोगोतही हेच होतं. झोपलेला मुलगा, शेजारी कुत्रा, खिडकीबाहेरचा तारा, आणि तो तारा शेवटी आय या अक्षराचा टिंब होऊन बसतो. त्यावरचं संगीत पुढे बदलत गेलं, पण तारा बसायची जागा हलली नाही. पाहणाऱ्याची ओळख त्या बसण्याशी जुळते, आधीच्या करामतीशी नाही.

यात पैशाचाही हिशेब आहे. सहा सेकंद म्हणजे १४४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम ठेवायचं, म्हणजे ७२ चित्रं. शेवटची १८ सामाईक असल्याने प्रत्येक नव्या रूपाला ५४ चित्रं लागतात. चारही रूपं मिळून २३४. सगळी वेगवेगळी काढली असती तर २८८. फक्त पार्श्वभूमी सरकते तिथे ही काटकसर चालत नाही. आडवी सरकणारी वाळू दोन-दोन फ्रेम थांबली की ठेचकाळल्यासारखी दिसते, म्हणून ती दर फ्रेमला हलवलेली आहे. बारीक गोष्ट, पण केलेली आहे.

देवनागरीत तर हा स्टुडिओ भल्याभल्यांच्या पुढे आहे. बाहेर बहुतेक ठिकाणी फॉन्टमध्ये नाव टाइप करतात आणि ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरला एकेक कॅरेक्टर उडवायला सांगतात. ‘निर्मिती’ हा शब्द घ्या, अर्ध्याअधिक लोगोंत तो असतोच. कॉम्प्युटरच्या लेखी ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर येते, डोळ्याला ती आधी दिसते. सॉफ्टवेअरची भारतीय लिप्यांसाठीची मांडणी सुरू नसेल तर वेलांटी व्यंजनाच्या नंतर, चुकीच्या जागी पडते, आणि रफार न होता मच्या आधी पाय मोडका र तसाच दिसतो. इथे शब्द अक्षरांनी तोडतात: नि, र्मि, ती. तीन तुकडे, प्रत्येकाचं वेगळं चित्र. रफार मबरोबरच येतो.

दुसरी गोम शिरोरेषेची. फॉन्टमधल्या शेजारच्या अक्षरांच्या रेषा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. स्थिर मजकुरात ते कळत नाही. पण अक्षरं एकेक करून फिकटातून गडद होऊ लागली की त्या सांध्यांवर काळपट ठिगळं दिसतात. एरवीचे उपाय दोनच: सगळे आकार जोडून एक करायचे, नाहीतर शब्दाचा एकच गट करून अख्खा गट उजळायचा. कुर्लीने रेषा आधी ओढून आणायची आणि अक्षरं बिनरेषेची टांगायची ही युक्ती तिसरी, आणि सर्वात देखणी. शिवाय ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा काढतात, न सांगता. अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळण आपोआप येतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता उणं. नरकासुराचं रूप आहे तसं घेऊ नका. फटाक्यांसाठी दोन फ्रेम उजेड, दोन फ्रेम काळोख असं चक्र ठेवलंय. म्हणजे सेकंदाला सहा लखलखाट. प्रकाशाने आकडी येणाऱ्या प्रेक्षकांसाठी प्रसारणाची मर्यादा तीनची असते, आणि भडक लाल रंग त्यात जास्तच त्रासाचा. चक्र आठ फ्रेमांपेक्षा लांब करायला आणि लाल थोडा मळकट ठेवायला सांगावं. पावसाच्या रूपात बारीक रेघा दर फ्रेमला बदलतात, त्यामुळे यूट्यूबवर चढवल्यावर अक्षरांभोवती चौकोन उठतात. रेघा कमी आणि जाड हव्यात.

सर्वात मोठी तक्रार फाइलींबद्दल. काम १९२० बाय १०८० मध्येच होतं. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात भरतो, त्यामुळे इथल्या लघुपटवाल्याला आज ना उद्या थिएटरसाठी डीसीपी (प्रोजेक्टरला द्यायचा डिजिटल फाइलींचा संच) काढावीच लागते, आणि तिची फ्लॅट नावाची चौकट १९९८ बाय १०८०. लोगो तसाच ठेवला तर दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. पार्श्वभूमी वाळूच्या रंगाची, म्हणून त्या ठळक दिसतात. त्याहून वाईट म्हणजे कुर्ली कडेबाहेरून येण्याऐवजी काळ्या पट्टीच्या आडून उगवते आणि सगळी गंमतच जाते. मोठा करून चौकट भरली तर वर-खाली साधारण २२ पिक्सेल कापले जातात. सुरुवातीलाच चित्र सगळ्या बाजूंनी जास्तीचं रंगवून घेणं एवढंच करायचं असतं. काम मंजूर झाल्यावर ते वाढवून मागितलं की नवं काम धरतात, आणि त्यांचंही चुकत नाही.

टीव्हीसाठी २५ फ्रेम लागतात. २४ची फाइल नुसती वेगाने पळवली की सहा सेकंदांची ५.७६ होतात आणि घुमट वरच्या पट्टीत जातो. आवाज वेगळा मागून घ्यावा.

नाट्यसंस्थांनी आणखी एक पाहावं. रंगमंचामागे भाड्याने लावतात तो पी ३.९चा (दिव्या-दिव्यांत ३.९ मिलिमीटर अंतर असलेला) एलईडी पडदा तीन मीटर रुंद असेल तर त्यावर आडवे जेमतेम ७६८ पिक्सेल असतात. म्हणजे मूळ चित्रातले अडीच पिक्सेल तिथे एक होतात. कुर्लीच्या पायांच्या रेघा दोन पिक्सेलच्या आहेत. पडद्यावर त्या लुकलुकतात, मध्येच नाहीशा होतात. नाटकासाठी जाड रेघांची वेगळी प्रत काढून घेतलेली बरी, पाच पिक्सेलच्या खाली नको.

घुमटाची थाप मात्र झकास आहे. हल्ली घुमटाला घोरपडीऐवजी बकऱ्याचं कातडं असतं, तरी खर्ज भरून येतो. अडचण फोनवर येते, कारण छोट्या स्पीकरला तो खर्ज झेपत नाही आणि थाप टिचकीसारखी लागते. थापेवर कांसाळ्याचा, म्हणजे झांजेचा, हलका झंकार बसवला की फोनवरही ती ओळखू येते. मागितलं तर बसवून देतात.

व्यवहार सरळ आहे. आधी सहा-आठ चौकटींचा स्टोरीबोर्ड, मग पेन्सिलची कच्ची हालचाल, मग रंग. बदल सुचवायचे ते पेन्सिलच्या टप्प्यावर. रंग चढल्यावर कुर्लीची चाल बदलायला सांगितली तर ५४ चित्रं पुन्हा काढावी लागतात, आणि त्याचे पैसे घेतात. शेवटी मिळतं ते अल्फासकट (म्हणजे पारदर्शक पार्श्वभूमीसह) प्रोरेस ४४४४ व्हिडिओ, एक एमपी४ आणि आवाजाची वेव्ह फाइल. मूळ चित्रांच्या फाइली करारात लिहून घेतल्या तरच हाती येतात; तोंडी ठरलेलं असेल तर पुढच्या वर्षी चवथीचं रूप दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.