टपरीचा चहा की पुडीतली कॉफी?

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी लागली आणि लातूर-नांदेडच्या टपऱ्यांवरचे स्टोव्ह विझले. पण चहाला खरा फटका बसला तो आसामात. ऐन पहिल्या तोडणीच्या दिवसांत मळे बंद राहिले, पानं वाढून जून झाली, छाटून टाकावी लागली. उत्पादन घटलं, लिलावात भाव चढले आणि किराणा दुकानातली सुटी पत्तीही महागली. देशात पिकणारा बहुतेक चहा देशातच खपतो, म्हणून तो तुटवडा थेट आपल्या घरात आला.

कॉफीचं उलटं. आपली बहुतांश कॉफी परदेशी जाते. कर्नाटकातल्या चिकमगळूर-कोडगूच्या बागायतदाराचा भाव न्यूयॉर्क-लंडनच्या बाजारावर हलतो. कॅफे बंद होते, तेव्हा घरोघरी इन्स्टंट कॉफी फेटली जाऊ लागली. ती डालगोना आठवतेय ना? कॉफी, साखर, गरम पाणी समसमान, आणि हात भरून येईपर्यंत फेटायचं. पुढे जुलै २०२१ मध्ये ब्राझीलच्या मळ्यांवर दंव गोठलं, जहाजांना कंटेनर मिळेनात, अरेबिका जातीची कॉफी कडाडली.

लातुरात रात्र-रात्र अभ्यास करणाऱ्या पोरांना पुडी सोयीची: पाणी तापवलं की झालं. चार माणसांच्या घरात दोन वेळेला मात्र चहाच परवडतो. माझा कौल चहालाच, आणि बाहेर असलो तर टपरीवरच्या. टपरीवाल्याचं घर रोजच्या गल्ल्यावर चालतं, आणि टाळेबंदीच्या काळात गल्लाच नव्हता. घरासाठी पत्ती घेताना आधी पावशेर सुटी घ्या, रंग आणि कडकपणा बघा, मगच किलोभर भरा.