गरम जाळे, गार जाळे की स्वतंत्र हीट पंप: जर्मनीतील जुन्या इमारतींपुढचे पर्याय

जर्मनीत शेजारच्या चार-पाच जुन्या इमारतींचे गॅस बॉयलर एकाच सुमारास थकले, की सदनिकाधारकांच्या सभेत सामायिक उष्णता जाळ्याचा विषय निघतो. बहुतेक चर्चा उष्णता कशापासून निर्माण करायची यावरच अडते. माझ्या मते निर्णय ठरतो तो घरातल्या रेडिएटरवर, म्हणजे गरम पाणी खेळवून खोली तापवणाऱ्या पट्ट्यांवर, आणि रस्त्याखालच्या नळाच्या लांबीवर.

गरम जाळ्यात एका ठिकाणी तापवलेले 70 ते 80 अंश सेल्सिअसचे पाणी उष्णतारोधक वाहिन्यांतून फिरते आणि प्रत्येक तळघरात बॉयलरच्या जागी केवळ हीट एक्सचेंजर, म्हणजे जाळ्यातली उष्णता घरातल्या पाण्याला देणारे उपकरण, येतो. गार जाळ्यात 10 ते 20 अंशांचे पाणी साध्या प्लास्टिकच्या नळांतून खेळते आणि त्यातली उष्णता घेऊन प्रत्येक इमारतीचा विजेवर चालणारा हीट पंप आपले पाणी तापवतो. स्वतंत्र हीट पंप म्हणजे जाळ्याविना, बाहेरच्या हवेतून उष्णता घेणारा. गार जाळ्यात वाटेत फारसे काही वाया जात नाही आणि उन्हाळ्यात घरे थंडही करता येतात, त्यामुळे माहितीपत्रकात हा पर्याय फार देखणा दिसतो. मात्र जाणाऱ्या व परतणाऱ्या पाण्याच्या तापमानांतला फरक गरम जाळ्यात 30 अंश असेल, तर येथे तो 3 ते 5 अंशच असतो. म्हणजे तेवढीच उष्णता वाहून न्यायला सहा ते दहापट पाणी आणि त्या मानाने जाड नळ लागतात.

आता रेडिएटर. 75 अंशांनी आत जाऊन 65 अंशांनी बाहेर पडणाऱ्या पाण्यावर तो जेवढी उष्णता देतो, तिच्या जेमतेम निम्मी 55 आणि 45 अंशांवर देतो. तरीही खिडक्या बदललेल्या घरांत ती अनेकदा पुरते. कडाक्याच्या थंडीत आठवडाभर बॉयलरचे पाणी 55 अंशांवर ठेवून कोणत्या खोल्या गारठतात ते पाहावे. दोन-तीनच निघाल्या, तर तेवढेच रेडिएटर बदलून गार जाळे किंवा स्वतंत्र हीट पंप चालतो. बहुतेक खोल्या गारठल्या, तर गरम जाळेच बरे. आंघोळीच्या व स्वयंपाकघरातल्या गरम पाण्याच्या मोठ्या टाकीत लेजिओनेला जंतूंमुळे 60 अंश राखावे लागतात, ही अट तिन्ही पर्यायांना आहे.

लांबीचा हिशेब सोपा आहे. समजा, इमारतींना मिळून वर्षाला 600 मेगावॉट-तास उष्णता लागते आणि गरम वाहिनीच्या प्रत्येक मीटरमधून सतत 20 वॉट निसटतात. खोदाई 200 मीटर असेल, तर पुरवलेल्या उष्णतेच्या साधारण 6 टक्के गळती होते. तीच 800 मीटर झाली, तर 23 टक्के. दुसऱ्या स्थितीत मी स्वतंत्र हीट पंपाच्या बाजूने मत देईन, अर्थात अंगणात त्याच्या आवाजावरून शेजाऱ्यांशी वाद होणार नसेल तर.

सही करण्यापूर्वी कोणत्या भागात घरे कशी तापवायची हे मांडणारा नगरपालिकेचा उष्णता आराखडा पाहावा. 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या कायद्याने एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना तो तयार करायला 30 जून 2026 आणि इतरांना 30 जून 2028 ही मुदत घालून दिली. आपली गल्ली शहराच्या जाळ्यात येणार असेल, तर स्वतःची खोदाई वाया जाऊ शकते. आणि बाहेरच्या कंपनीकडून उष्णता विकत घ्यायची झाल्यास पहिला करार दहा वर्षांपर्यंत बांधून ठेवू शकतो, म्हणून दरवाढीचे सूत्र सभेत मोठ्याने वाचून घ्यावे.