झोहो इन्व्हॉइस: नाशिकच्या फ्रीलान्सरला कितपत उपयोगी?

झोहो इन्व्हॉइस हे बिलिंगचं अॅप मोफत आहे, पण ते वापरावं असं आम्ही सांगतो ते त्यातल्या कोटेशनमुळे. फ्रीलान्सरचे बहुतेक वाद बिलावर दिसतात आणि सुरू झालेले असतात मोघम कोटेशनपासून.

इथे प्रत्येक आयटमखाली वर्णनाची जागा आहे. ती रिकामी सोडू नका. अंबड एमआयडीसीतल्या मशिन शॉपला कॅटलॉग हवा असतो तो मोठ्या कंपनीच्या खरेदी विभागापुढे ठेवायला. म्हणून नुसतं 'कॅटलॉग डिझाइन' न लिहिता '१६ पानं, मशिनची यादी, टॉलरन्सचा (मापात चालणाऱ्या फरकाचा) तक्ता, २ वेळा दुरुस्ती, फोटो क्लायंटचे' असं लिहावं. दिंडोरीच्या द्राक्ष निर्यातदाराला खोकी तोडणीआधी छापून हवीत. त्याच्या कोटेशनमध्ये फाइल छापखान्यात जाण्याची तारीख हवी. हे प्रश्न अॅप विचारत नाही, तुम्हालाच विचारावे लागतात.

कोटेशन मंजूर झालं की त्याचंच बिल बनतं, पुन्हा टायपिंग नाही. अॅडव्हान्ससाठी रिटेनर इन्व्हॉइस वेगळं निघतं. नव्या क्लायंटकडून ४० टक्के घेतल्याशिवाय काम उघडू नये. कारखान्याचं बिल असेल तर पीओ (पर्चेस ऑर्डर, म्हणजे खरेदीच्या लेखी ऑर्डरचा) नंबर टाकाच. तो नसला की अकाउंट्सवाले बिल बाजूला ठेवतात आणि कळवतही नाहीत.

जीएसटी नोंदणी असेल तर 'प्लेस ऑफ सप्लाय' (सेवा कोणत्या राज्यात दिली ते) तपासा. पुण्याच्या, म्हणजे आपल्याच राज्यातल्या क्लायंटला सीजीएसटी-एसजीएसटी, बेंगळुरूच्या, म्हणजे परराज्यातल्या क्लायंटला आयजीएसटी. चुकलं की बिल परत. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि नोंदणी नसेल, तर बिलात जीएसटी लावायचाच नाही.

खरी गडबड टीडीएसची, म्हणजे क्लायंट पैसे देताना कापून तुमच्या नावे सरकारकडे भरतो त्या आयकराची. ६०,००० च्या बिलावर क्लायंटने १० टक्के कापून ५४,००० जमा केले आणि तुम्ही पेमेंट नोंदवताना टीडीएसचा पर्याय निवडला नाही, तर ६,००० थकबाकी दिसत राहते. ऑटोमॅटिक रिमाइंडर चालू असेल तर पूर्ण पैसे दिलेल्या माणसालाच तगादा जातो. चांगला क्लायंट दुखावण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

पूर्ण हिशेब, बॅंकेशी ताळमेळ यात होत नाही. त्यासाठी झोहोचंच अकाउंटिंगचं अॅप झोहो बुक्स किंवा सीए. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, ती करून तिचा नंबर बिलाच्या नोट्समध्ये कायमचा टाकून ठेवा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत देणं क्लायंटवर बंधनकारक आहे.