सहा महिने, 41 डाइव्ह: राजा अम्पतच्या पाण्यात मनगटी डाइव्ह कॉम्प्युटर

ऑक्टोबरमध्ये राजा अम्पतला जायच्या आधी हा डाइव्ह कॉम्प्युटर घेतला, म्हणजे पाण्याखाली खोली आणि वेळ मोजून, शरीरात साठणाऱ्या नायट्रोजनच्या हिशेबाने अजून किती मिनिटं सुरक्षित राहता येईल हे सांगणारं यंत्र. मधल्या किमतीचा, काळापांढरा पडदा, दोन बटणं, नाण्याएवढी बॅटरी. मार्चमध्ये पुन्हा तिथेच जाऊन आले. दोन्ही खेपांच्या मिळून 41 डाइव्ह झाल्या, त्यामुळे आता त्याच्याबद्दल ठामपणे लिहिते.

जागा कशी आहे ते आधी सांगायला हवं, कारण हेच यंत्र दुसरीकडे वापरलं असतं तर माझं मत कदाचित वेगळं झालं असतं. इंडोनेशियात, न्यू गिनीच्या पश्चिम टोकाशी हा द्वीपसमूह पसरलेला आहे. सोरोंगपर्यंत विमान, तिथून वायसाईपर्यंत दोनेक तास फेरीबोट आणि पुढे होमस्टेची होडी. मी क्री बेटावर राहिले. तिथल्या केप क्रीला 2012 साली जेरी ॲलन या मत्स्यतज्ज्ञांनी एकाच डाइव्हमध्ये माशांच्या 374 जाती मोजल्या होत्या. डँपियर सामुद्रधुनीतला जोरदार प्रवाह खाद्य घेऊन येतो म्हणून इतके मासे. पण तोच प्रवाह डाइव्हरलाही कुठल्या कुठे नेतो.

दुसऱ्याच दिवशी ते अनुभवलं. 17 मीटरवर बॅराकुडांचा थवा बघत होते. सहज गाइडकडे नजर गेली तर त्याचे बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली चालले होते. मनगटाकडे पाहिलं: 19, 21, 24. कानांना कळायच्या आत आकडे पळत होते. खडकाला बिलगून आडव्या दिशेने पाय मारले, तेव्हा 27 ला त्या ओढीतून सुटले. आणि सुटल्यावर उलटंच झालं, शरीर झपाट्याने वर जायला लागलं. कॉम्प्युटर कर्कश वाजू लागला. मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेगाने वर आलं की तो वाजतो. तरंगण्यासाठी हवा भरलेल्या जॅकेटमधली हवा सोडली, वेग कमी झाला, आवाज थांबला. पुढे 5 मीटरवरचा तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे पृष्ठभागावर येण्याआधीचा सुरक्षिततेचा थांबा, त्याने उलट मोजून दाखवला. आकडे इतके ठळक की हात थरथरत असूनही वाचता आले. पडद्याला आणि आवाजाला माझे पैकीच्या पैकी गुण.

हिशेबाच्या बाबतीत तो कडक आहे. पहिल्या डाइव्हला 18 मीटरवर पन्नासेक मिनिटं देणारा हा कॉम्प्युटर दुपारच्या तिसऱ्या डाइव्हला तीसवर येतो. बडीच्या, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराच्या, कॉम्प्युटरवर नेहमी थोडी जास्त वेळ दिसायची. सुरुवातीला याचं वाईट वाटायचं. पण दोघांत ज्याची वेळ कमी, त्याप्रमाणे दोघांनी वर यायचं हा नियमच आहे, आणि दिवसाला तीन-चार डाइव्ह सलग सहा दिवस करताना मला तो कडकपणाच हवासा वाटतो.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. पहिल्या खेपेच्या चौथ्या रात्री जेट्टीखाली पंखांवर चालणारा शार्क बघायला उतरलो होतो. बॅकलाइट पाच सेकंदांत विझतो, त्यामुळे सारखं बटण दाबावं लागलं. वर आले तेव्हा बॅटरीच्या दोन रेघा दिसत होत्या. सकाळी पडदा कोरा! आणि बॅटरी बदलली की या मॉडेलच्या स्मृतीतला नायट्रोजनचा हिशेब पुसला जातो. म्हणजे चार दिवसांत माझ्या शरीरात किती नायट्रोजन साठलाय हे त्याला ठाऊकच नाही. डाइव्ह सेंटरकडे जादा कॉम्प्युटर होता, पण त्यालाही ते ठाऊक नव्हतंच. गाइडने 24 तास पाण्यात उतरू दिलं नाही. त्याचं बरोबर होतं. त्या दिवशी सगळे मँटा सँडीला, म्हणजे मँटा हे प्रचंड पाकट मासे जिथे येतात त्या जागी, गेले आणि मी होमस्टेच्या ओट्यावर बसून राहिले. फार जिवाला लागलं.

विकणाऱ्यांना लिहिलं, तर 'बॅकलाइट जास्त वापरलात' एवढंच उत्तर आलं. मग रात्रीच्या डाइव्हसाठी हे यंत्र योग्य आहे असं खोक्यावर का छापायचं? रेघांवर विसंबू नका. लांबच्या प्रवासाआधी बॅटरी नवी घाला, झाकणाची रबरी रिंग आणि सिलिकॉन ग्रीस सोबत ठेवा. मार्चमध्ये मी दुसरा, जुना कॉम्प्युटर विकत घेऊन पहिल्या डाइव्हपासून दोन्ही लावले. मधेच लावलेला दुसरा कॉम्प्युटर काहीच कामाचा नाही.

परतीच्या विमानाची उलटी मोजणी मात्र उत्तम. अनेक दिवसांच्या सलग डाइव्हनंतर निदान 18 तास उडायचं नसतं, हा पूर्ण 24 दाखवतो. तो दिवस पियाइनेमोच्या टेकडीवरच्या पायऱ्या चढून, हिरव्या पाण्यातली चुनखडीची बेटं बघत छान जातो.

मार्चमध्ये मँटा सँडी मिळालं. डाइव्हरसाठी वाळूत दगडांची रांग लावली आहे, तिच्यामागे गुडघे टेकून थांबलो. बराच वेळ नुसतं पाणी. मग डोक्यावरून एक मँटा आला, पोटावरचे काळे ठिपके मोजता येतील इतका जवळून, आणि साफसफाई करणाऱ्या लहान माशांवर गोल गोल फिरत राहिला. मनगटावर पाहिलं: 15 मीटर, अजून 38 मिनिटं बाकी. डाव्या हातावरचा जुना 41 म्हणत होता. आम्ही 38 धरली.