केळीच्या पट्ट्यातला जुना बंगला : मुक्काम मागच्या चौकात करावा

रावेर-यावल भागात केळीच्या बागांमध्ये उभा असलेला हा जहागिरीचा जुना बंगला आता पाहुण्यांच्या मुक्कामासाठी खुला झाला आहे. खोल्या स्वच्छ आहेत, भरीत उत्तम आहे. परंतु मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढणाऱ्या मुलखात घर कसे बांधावे हे पाहायचे असेल, तर येथे अवश्य यावे.

चारही बाजूंनी फिरलेल्या खोल व्हरांड्यामुळे मुख्य भिंतींवर दुपारचे ऊन येत नाही. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या या जाड भिंती उष्णता उशिरा आत सोडतात आणि वर चढलेली गरम हवा छताजवळच्या उजेडदानांतून निघून जाते. दाराजवळच्या फलकावर बांधणीचे साल १८१८, म्हणजे खानदेश इंग्रजांकडे गेला तेच, दिले आहे. छपरावर मात्र मंगलोरी कौले आहेत आणि बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेचा कौलांचा कारखाना मंगळुरात निघाला तो १८६५ साली. तेव्हा निदान हे छप्पर तरी नंतरचे असले पाहिजे.

दिवाणखान्याच्या भिंतीत उंचावर एक भोक आहे आणि त्याची खालची कड घासून गुळगुळीत झाली आहे. आतला झालरीचा पंखा हलवण्यासाठी बाहेर बसलेला गडी जी दोरी ओढत असे, ती येथून जाई. आज त्यातून वातानुकूलन यंत्राची नळी गेली आहे!

ही नळी एक वेळ खपते, पण पुढच्या खोल्यांना केलेली खोटी छते खपत नाहीत, कारण उजेडदाने त्यांच्याआड गेल्याने यंत्र बंद पडताच खोली भट्टीसारखी तापते. चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवणे ही तर शुद्ध नासाडी आहे. जमिनीतून चढणारी ओल चुना बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडून ठेवते; परिणामी जोत्यालगत पोपडे सुटू लागले आहेत.

मागच्या चौकातील धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, खोल्या, सुदैवाने, कोणी सुधारलेल्या नाहीत. सागाच्या तुळया, त्यांवर किलचन (लाकडाच्या बारीक पट्ट्या), पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर, अशा या छताखाली भर दुपारी पंखाही पुरतो. रात्री मात्र दिवसभर तापलेली माती ऊब सोडते, म्हणून धाब्यावर अंथरूण घालून द्यावे, असे आधीच सांगून ठेवावे. व्यवस्थापन ते विनातक्रार देते. या खोल्यांचे भाडेही पुढच्यांपेक्षा कमी आहे.