छपराची रेघ: जमिनीवर की पडद्यावर?

फ्रान्समधले सुतार गुंतागुंतीचं लाकडी छप्पर आधी जमिनीवर पूर्ण मापात आखतात. या विद्येला ते ‘आर द्यू त्रे’ म्हणतात. 2009 साली युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. आज हेच काम संगणकावरही होतं.

पडद्यावर वेग मिळतो. उतार बदलला की सगळी मापं आपोआप बदलतात, आणि यंत्र सांधे कापून देतं. सरळ, एकसारख्या तुळया असतील तर मीही संगणकच निवडेन.

पण लाकूड वाकडं असलं की जमिनीवरच्या रेघेला तोड नाही. सूत मारून आराखडा उमटवतात, त्यावर तुळया एकावर एक रचतात, ओळंबा सोडून सांध्याच्या खुणा लाकडावर घेतात. ओंडक्याचा बाक जसा आहे तसाच सांध्यात उतरतो. 2019 च्या आगीनंतर पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलचं ओक लाकडाचं छप्पर उभारताना कुऱ्हाडीने तासलेल्या तुळयांना याच पद्धतीचा उपयोग झाला.

शिकण्याच्या दृष्टीने तर माझं मत पक्कं आहे. कोपऱ्यातला तिरका वासा वरून पाहिला तरी आखूड दिसतो, समोरून पाहिला तरी आखूडच. त्याची खरी लांबी कागदावर फिरवून काढावी लागते. ‘कोंपान्यों’ या फ्रेंच कारागीर संघांतले शिकाऊ सुतार म्हणूनच छपरांच्या छोट्या प्रतिकृती बनवतात. पडदा ही लांबी आयती सांगतो; प्रतिकृतीत रेघ चुकली तर सांध्यात फट दिसते, आणि कुठे चुकलं ते हाताला कळतं.