निवडणुकीचा हिशेब : कॅनबेराची रीत आणि दिल्लीची

ऑस्ट्रेलियात प्रत्येक संघीय निवडणुकीनंतर संसदेची संयुक्त स्थायी समिती ती निवडणूक कशी पार पडली याची चौकशी करते, नागरिकांकडून लेखी निवेदने मागवते आणि निवडणूक आयोगाच्या अधिकाऱ्यांना साक्षीला बोलावते. २०१३ च्या निवडणुकीत न्यू साउथ वेल्समधील सिनेटची, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, मतपत्रिका ११० उमेदवारांमुळे एक मीटरहून रुंद झाली होती आणि बारीक अक्षरे वाचता यावीत म्हणून मतदान केंद्रांवर भिंगे ठेवावी लागली. पश्चिम ऑस्ट्रेलियात तर फेरमोजणीच्या वेळी १,३७० मतपत्रिका गहाळ निघाल्या, न्यायालयाने ती निवड रद्द केली आणि एप्रिल २०१४ मध्ये पुन्हा मतदान घ्यावे लागले. समितीने सिनेटची मतपद्धती बदलण्याची शिफारस केली आणि २०१६ मध्ये कायदा बदलला. अर्थात, ज्या नियमांवर आपण निवडून आलो तेच नियम खासदारांनी तपासावेत, यात थोडी गंमत आहेच.

भारतात असा ठरलेला संसदीय आढावा नाही. निकालाला आव्हान द्यायचे तर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका करावी लागते आणि तिचा रोख बहुतेक एकाच मतदारसंघावर राहतो. विधी व न्याय विषयाच्या स्थायी समितीने २०२३ मध्ये लोकसभेच्या उमेदवारीचे किमान वय २५ वरून १८ करण्याचे सुचवले खरे, परंतु तो सुधारणांचा विचार होता, विशिष्ट निवडणुकीची झडती नव्हे. याचिकेने एका उमेदवाराला न्याय मिळू शकतो. मतपत्रिकाच सदोष असेल तर मला कॅनबेराची रीत अधिक उपयोगाची वाटते.